काजळ लावलेला गिअरबॉक्स

हौसाबाय माझी नणंद. दोन वर्षं ती गौरीला माहेरी आली नव्हती. भांडण कुणाशीच नव्हतं. कारण होतं आमच्या जीपचा पहिला गिअर.

तिचं सासर गणेशपुरीच्या पुढं, डोंगराला टेकलेल्या वाडीत. एसटी गणेशपुरीपर्यंत जाते. पुढं ओढा, आणि ओढा ओलांडला की दगडांची उभी चढण. हौसाबायच्या गुडघ्यांनी त्या चढणीशी केव्हाच कट्टी घेतलेली. म्हणून आमच्या ह्यांनी लष्कराच्या लिलावातली जुनी जीप घेतली. लोकांना सांगायचे, शेताच्या कामाला घेतली. शेताला ती कधी गेलेली मला आठवत नाही.

दोन गौरी छान झाल्या. तिसऱ्या वर्षी तिला परत पोचवताना ऐन चढणीवर गिअर सटकला, जीप मागं घरंगळली आणि ऐनाच्या झाडाला जाऊन टेकली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. हौसाबाय उतरली, पदर झटकला आणि म्हणाली, "दादा, गाडी तुजी हाय, जीव माजा हाय. परत न्हाय बसायची." आणि त्याच गुडघ्यांनी ती उरलेली चढण चढून गेली. हे बराच वेळ स्टिअरिंग धरून बसून राहिले होते.

एक्क्याण्णवच्या श्रावणात ह्यांनी मनावर घेतलं. गिअरबॉक्स असा बसवायचा की पुन्हा नावं ठेवायला जागा नको. भिवंडीतल्या टेमघरला आमच्या घराजवळच यूनुसभाईंचं गॅरेज. त्यांनी दोन गिअरबॉक्स गोणपाटावर मांडले. एक तीन गिअरचा, आमच्या जीपला मुळात असतो तसलाच. दुसरा चार गिअरचा, नंतरच्या जीपमधून निघालेला. आता यातला मजबूत कुठला?

भिवंडीत सगळं वजनावर ठरतं. सूत वजनावर, चिंधी वजनावर, मोडका लूमही वजनावरच जातो. त्यामुळे ह्यांनी दोन्ही गिअरबॉक्स हातगाडीवर घातले आणि शेजारच्या कासमशेठांच्या लूमच्या कारखान्यात सुताच्या काट्यावर नेऊन ठेवले. चार गिअरचा जड भरला. हे विजयी चेहऱ्यानं परत आले.

यूनुसभाई म्हणाले, "बाळारामशेठ, म्हैस पण जड असते. चढणीला तिला जुंपणार काय?"

कासमशेठ पाठोपाठ आलेच होते. लूम बंद ठेवून दुसऱ्याचं यंत्र बघायला मिळालं की त्यांना सण. मी चहा घेऊन गेले आणि तिथंच थांबले. झाकणं उघडलेली होती. मला वाटलं होतं आत काय काय गुंता असेल. बघते तर नुसते दाते, एकमेकांत बोटं अडकवून बसलेले. मी विचारलं, यात मजबूत कोण ते कळतं कसं? यूनुसभाई खूश झाले. त्यांना इतका वेळ कुणी धड प्रश्नच विचारला नव्हता. त्यांनी समजावलं ते असं: घर जवळजवळ तेवढंच. एकात तीन भाऊ राहतात, दुसऱ्यात चार. चौघांच्या वाट्याला खोल्या अरुंद येणार. मी जवळ पडलेला सुताचा तुकडा लावून बघितलं. खरंच, तिनाच्या गिअरचे दाते रुंद होते. पण चाराचा पहिला गिअर गाडीला मुंगीच्या चालीनं चढवतो, इंजिनाला धाप लागू देत नाही, तेही खरं. शिवाय चाराचा लांबीला थोडा जास्त, तो बसवायचा तर मागचा शाफ्ट कापावा लागणार.

कासमशेठांनी आपलं म्हणणं पुढं केलं. त्यांच्या लूमात सूत नेणाऱ्या धोट्याला टोला देणारी काठी मुद्दाम लाकडाची ठेवतात. काही अडकलं तर काठी तुटते, लोखंड वाचतं. सगळंच मजबूत करून चालत नाही, आधी काय तुटावं ते ठरवावं लागतं.

"काठीचं ठीक," हे म्हणाले, "माझी बहीण बसायची आहे त्यात."



यूनुसभाईंना दात्यांना लावायला रंग हवा होता, लवकर न सुकणारा. मी घरातून काजळाची डबी आणली, तुपातलं घरचं काजळ. त्यांनी ते बोटानं दात्यांना लावलं आणि शाफ्ट हळूहळू फिरवला. जिथं दाता दात्याला टेकतो तिथलं काजळ पुसलं जातं. चाराच्या गिअरचं पुसलं गेलं ते फक्त कडेला. म्हणजे आतला शाफ्ट झिजून कलला होता. होती तेवढी रुंदीही नसल्यासारखी. तिनाचं पुसलं गेलं मधोमध, सारखं. आमच्या जीपमधून काढलेल्या जुन्या गिअरलाही लावून बघितलं. त्याचे दाते तर टोकाला निमुळते झालेले, सटकणार नाहीत तर काय करतील?

म्हणजे तीन गिअरचाच बसवायचा, असं ठरलं. पण माझ्या डोक्यातून एक जाईना. "यूनुसभाई, हाही सटकला तर? मग गाडीला कोण धरतं?"

"हँडब्रेक, भाभी. जीपचा हँडब्रेक चाकावर नसतो, गिअरबॉक्सच्या मागं त्याचा ड्रम असतो. गिअर सुटला तरी तो धरतो."

हे हळूच म्हणाले, "मी ओढला होता. धरलं नाही. मला वाटलं, माझाच हात उशिरा गेला."

इतकी वर्षं हे माणूस मनात असं घेऊन फिरत होतं आणि मला ठाऊक नव्हतं.

यूनुसभाई जीपखाली सरपटत गेले. ड्रम उघडला तर आत तेलच तेल. मागचं सील फुटून गिअरबॉक्सचं तेल ब्रेकवर गळत होतं, कैक वर्षं. आणि पायाचा ब्रेक त्या दिवशी ओढ्याच्या पाण्यात भिजलेला. "शेठ," यूनुसभाई खालूनच म्हणाले, "तुमचा हात वेळेवर गेला होता."

ह्यांनी कासमशेठांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

तीन गिअरचा बसला, नवीन सील बसलं, ड्रम घासून कोरडा झाला. गौरी आणायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं वाडीवर गेलो. चढण बिनबोभाट पार झाली. हौसाबायनं सगळं ऐकून घेतलं, काजळासकट. तीन-चारच्या हिशोबात तिला गोडी नव्हती. ती म्हणाली, उतारावर मध्येच उभी करा, गिअर काढा, नुसत्या हँडब्रेकवर धरून दाखवा.

ह्यांनी दाखवलं. जीप नाक खाली करून उतारावर उभी राहिली. ऐनाचं झाड समोरच होतं, खोडाला अजून ओरखडा. हौसाबाय बाजूला उभी राहून बघत होती. जीप हलली नाही. ह्यांचा घाम तेवढा गळत होता.

मग तिनं बांधावरचा एक दगड निवडून उचलला, चांगला मोठा, बैलगाडी चढणीला लागली की मागचा माणूस चाकाखाली घालायला हातात घेऊन चालतो तसला. तो मांडीवर घेऊन ती माझ्या शेजारी बसली.

"आता हे कशाला?" ह्यांनी विचारलं.

"गाडी तुजी, दगड माजा," ती म्हणाली. "हाक आता."

टेमघर येईपर्यंत तिनं तो खाली ठेवला नाही. गौरी गेल्यावर, परत जाताना तिनं पिशव्यांत सगळं भरलं, आणि दारातून परत मागं वळली, दगड राहिला म्हणून.