हात खाली असताना घेतलेलं माप

मित्रांनो, मी एक जुनी योगा मॅट आहे, आणि मूळच्या मापापेक्षा फूटभर आखूड आहे. कारखान्यातून निघाले तेव्हा चांगली सहा फूट होते. रंग जांभळा, अंगाला नव्या रबराचा वास, आणि दुकानात उभं राहून आलेला थोडा माजही होता.

मला घरी आणलं काजवाल्या काकूंनी. त्यांचे यजमान शिंपी, सगळे त्यांना मास्तर म्हणत. मास्तर कपडे शिवायचे, काकू काज-बटणं करायच्या. तीस वर्षं मान खाली घालून सुई ओढल्यावर काकूंचा उजवा खांदा धरला. वेणी घालायला हात वर जाईना. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त नर्सबाईंनी त्यांना सोपा प्रकार शिकवला. उताणं निजायचं, श्वास घेत दोन्ही हात डोक्यावरून मागे न्यायचे, श्वास सोडत परत आणायचे. रोज सकाळी दहा मिनिटं. "जास्त नको, पण खाडाही नको," असं त्यांनी बजावलं होतं.

पहिल्या दिवशी उजवा हात कानापर्यंतही आला नाही. तिसऱ्या दिवशी काकूंना माझ्यावर चक्क झोप लागली. पण त्या चिकाटीच्या. दोन महिन्यांनी त्यांची नखं डोक्यामागे माझ्या अंगाला टेकली, आणि त्या दिवशी त्यांनी स्वतःची वेणी स्वतः घातली. वेणी वाकडीतिकडी होती, तरी दिवसभर मिरवली. माझ्या आयुष्यात तेवढं सुख मला पुन्हा मिळालं नाही.

मग शाळांच्या गणवेशांची घाई आली. मास्तरांचं मशीन फरशीवर थडथडायला लागलं. मास्तर माणूस वाईट नाही, पण चिंधीसुद्धा वाया घालवायची नाही हा त्यांचा बाणा. बायकोची उंची त्यांना तोंडपाठ होती, पाच फुटांना दोन बोटं कमी. त्यांनी मला टेप लावली, फूटभर जास्त भरले. काकू बाजारात गेल्या असताना त्यांनी तेवढी पट्टी कापली आणि मशीनच्या पुढच्या पायांखाली घातली. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, चला, आणखी एका कामी आले.

दुसऱ्या सकाळी काकूंनी हात मागे नेले ते थेट गार फरशीवर टेकले. त्या उठून बसल्या. कापलेल्या कडेवरून बोट फिरवत राहिल्या.

"तुला पुरून उरत होती," मास्तर मशीनवरून खुशीत म्हणाले. "उरलेलं कशाला वाया घालवायचं?"

 काकूंना थोडं खाली सरकून निजता आलं असतं, हे मलाही कळतं. पण जन्मभरात पहिल्यांदा आपली म्हणून काढलेली दहा मिनिटं, त्यातलंही कुणी न विचारता काढून घेतलं, की सरकायचा हुरूप राहत नाही. त्यांनी माझी गुंडाळी केली. गणवेश संपले की बघू, असं स्वतःशी म्हणाल्या आणि मला कपाटामागे ठेवलं. गणवेश संपले, दुसरी कामं आली. वर्ष उलटलं. माझ्यावर धूळ साचली आणि काकूंचा खांदा पुन्हा दगड झाला.

एकदा नर्सबाई खाली आल्या. काकूंचे कापलेले केस पाहून त्या चमकल्या. खोदून खोदून विचारल्यावर काकूंनी मला बाहेर काढलं. नर्सबाईंनी माझी कड पाहिली आणि एवढंच म्हणाल्या, "मास्तर, हिचं माप हात वर करून घ्यायचं होतं."

मास्तरांचा चेहरा उतरला. त्यांनी मशीनखालून पट्टी ओढून काढली. रबरात मशीनची सुई अडकत होती, म्हणून दाभण घेऊन हातानेच टाके घातले. सकाळी मला स्वतः अंथरलं. काकू निजल्या. डावा हात मागे गेला, उजवा खांद्याशीच थांबला.

"शिवण छान झालीय हो," त्या म्हणाल्या. "पण हा हात आता ऐकत नाही."

मास्तर खाली बसले आणि तो हात हळूच मांडीवर घेतला. आता ते रोज सकाळी मला अंथरून तसे बसतात. काकू म्हणतात, आज नको. मास्तर म्हणतात, बरं.

मित्रांनो, तुमची दहा मिनिटं उद्यावर ढकलू नका. आणि घरात कुणी स्वतःसाठी एवढीशी जागा अंथरली असेल, तर ती जास्त आहे की कमी, हे आधी त्या माणसाला विचारा. माझी जोडलेली पट्टी टाक्यांनी घट्ट धरलेली आहे. त्यावर मशीनच्या पायांचे दोन खळगे आहेत, पण जोडल्यापासून नखाचा नवा ओरखडा एकही नाही.