ताई समुद्रात असताना

अकाइतीताई आमच्या नव्या जोडहोडीतून ताहितीला निघाली, जुन्या लोकांसारखी, नुसत्या ताऱ्यांच्या भरवशावर. मला नेलं नाही. आमच्यात होडी समुद्रात असली की घरच्यांनी भांडायचं नाही, नाहीतर तिकडे लाटा खवळतात. निघताना ताई म्हणाली, “घरात सगळ्यात तापट तूच. माझा जीव तुझ्या हातात.”

आज चुलतभाऊ पुना सगळ्यांसमोर म्हणाला, “आधी शाळा सुटली, आता होडीही! चल, माझ्या अळूला पाणी घाल.”

माझी मूठ वळली. मी समुद्राकडे बघितलं.

“दे बादली,” मी म्हणालो.

“अरे, ताप आलाय का तुला?”

“ताई येऊ दे, मग बघतो तुला.”

पुनानंही समुद्राकडे बघितलं आणि गुपचूप दुसरी बादली उचलली.