एकसष्टाव्या पानावरची रिकामी जागा

आमचे हे, म्हणजे प्राध्यापक उत्तम गवाणकर, नऊ वर्षं तर्कशास्त्राच्या बीजगणितावर संशोधन करत होते. तेवढ्या काळात आम्ही गिरगावची खोली सोडून भाईंदरला जेसल पार्कात आलो, सुरुचीचा जन्म झाला, ती पाढे शिकली. ह्यांचा प्रबंध मात्र 'होतच आला' होता. शेवटी विद्यापीठानेच कळवलं, एकतीस मार्च एक्क्याण्णवपर्यंत प्रबंध द्या, नाहीतर नोंदणी रद्द. मग कुठे आमचं घर कामाला लागलं. घर म्हणजे मी.

टायपिंगचं काम उत्तनच्या बेनेडिक्टकाकांना दिलं. पानं चाळून ते म्हणाले, "बाई, अक्षरं सगली करतो. पन ह्या टोप्या माझ्या मशीनवर न्हाय."

टोप्या म्हणजे तर्कशास्त्राची चिन्हं. सुलटी टोपी म्हणजे 'आणि', उलटी टोपी म्हणजे 'किंवा'. काका तिथे जागा सोडणार आणि घरी कुणीतरी काळ्या शाईने ती भरणार, असं ठरलं. चार प्रती, प्रत्येकीत अठराशे टोप्या. हे लगेच म्हणाले, "तुझं अक्षर काय सुरेख आहे गं!" लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर हा शोध लागला होता.

पाण्याचा टँकर येईपर्यंत मी टोप्या भरायची, कुकरच्या शिट्ट्या मोजत भरायची. भरलेलं पान हे कधी बघत नसत. "तू भरलंस म्हणजे तपासायला नको," म्हणायचे. मला तो विश्वास वाटायचा. आळस होता, हे पुढे कळलं.

भरता भरता थोडं समजायलाही लागलं. चहा हवा आणि सोबत खारी किंवा बिस्कीट, असं म्हटलं काय आणि चहा-खारी द्या किंवा चहा-बिस्कीट द्या, असं म्हटलं काय, तुम्हाआम्हाला दोन्ही सारखंच. ह्यांच्या बीजगणितात ते सारखं नव्हतं. बाराव्या पानावर ठणकावून लिहिलं होतं, हा नियम इथे चालत नाही. म्हटलं, असेल बापडं.

एकसष्टाव्या पानावर माझं पेन थांबलं. तिथल्या एका ओळीत ह्यांनी खारी-बिस्किटाचा तोच नियम गुपचूप वापरला होता. मी विमा कचेरीत अर्ज तपासते. दुसऱ्या पानावर 'आजार नाही' आणि पाचव्यावर 'गोळ्या चालू आहेत' लिहिणारी माणसं मला रोज भेटतात.

"अहो, हे बाराव्या पानाशी जुळत नाहीये."

"मृणालिनी, हे उच्च गणित आहे. तू टोप्या भर."

"पण तुम्हीच म्हणालात ना, की—"

"दोन दिवस राहिलेत! तू आता मला तर्कशास्त्र शिकवतेस?"

मला रडूच आलं. आणि रागही, भाजी करपेपर्यंत टिकलेला. खोटं आहे हे दिसत असताना स्वतःच्या हाताने टोपी घालायची मला जमेना. चारही प्रतींत त्या ओळीतल्या टोप्यांच्या जागा मी तशाच कोऱ्या ठेवल्या. प्रबंध वेळेत गेला. ह्यांनी अर्थातच तपासला नाही.

सुरुवातीच्या आभारांत मार्गदर्शक होते, प्राचार्य होते, 'अचूक टंकलेखनाबद्दल श्री. बेनेडिक्ट' होते. शेवटी 'घरात शांतता राखल्याबद्दल' पत्नी होती. बिननावाची.

दिवाळीनंतर तोंडी परीक्षा झाली. हे पेढ्यांचा पुडा घेऊनच घरी आले.

"एकसष्टाव्या पानावर एका ओळीत जागा कोऱ्या का, म्हणून विचारलं. मी बघतच राहिलो! मग लक्षात आलं, तिथे तो नियम चालतच नाही. म्हटलं, सर, ही पायरी सिद्ध होत नाही, म्हणून मुद्दाम मोकळी ठेवली. परीक्षक खूश! म्हणाले, एवढा प्रामाणिक विद्यार्थी पाहिला नाही. बाकीचं त्या ओळीशिवायही उभं राहतं. तेवढं पान बदलून द्यायचं, की झालो डॉक्टर!"

"मुद्दाम कुणी ठेवली?"

"अगं, तसं म्हणावं लागतं," म्हणून त्यांनी मला पेढा भरवला. मग शेजारच्या शहांकडे जाऊन तीच हकिगत हिंदीत सांगितली. तिथे तर त्यांनी ती ओळ महिनाभर विचार करून मोकळी ठेवली होती.

नवीन पान टाइप करून घ्यायला मीच गेले. बेनेडिक्टकाकांना म्हटलं, आभाराचं पानही पुन्हा करा, शेवटी एक वाक्य वाढवा: 'एकसष्टाव्या पानावरची चूक दाखवल्याबद्दल मी अमुक यांचा ऋणी आहे.'

"अमुक म्हंजे कोन, बाई?"

"जागा सोडा. नाव ते भरतील."

घरी येऊन दोन्ही पानं आणि काळं पेन मी ह्यांच्यासमोर ठेवलं. "यात थोडं भरायचं राहिलंय. या वेळी तुम्ही भरा."

हे पेपर वाचत होते. वर न बघताच त्यांनी पानं माझ्याकडे सरकवली. "तूच भर गं. तुझं अक्षर चांगलं आहे."

मग मी भरलं. चारही प्रतींत, सौ. वगैरे न लावता, संपूर्ण नाव: मृणालिनी गवाणकर. बाइंडरकडेही मीच नेऊन दिलं.

एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, एक आमच्या कपाटात. पाहुणे आले की डॉक्टरसाहेब ती अभिमानाने काढून दाखवतात. अजून त्यांनी तपासलेली नाही.