हात वर करून बघा

पहिलं जॅकेट जावयानं काउंटरवर आपटलं. दुसरं थेट दुकानातल्या जाड्याच्या तोंडावर फेकलं. चेनचं टोक जाड्याच्या ओठाला लागलं आणि रक्ताचा थेंब पांढऱ्या शर्टांच्या गठ्ठ्यावर पडला.

"हे घालून डोंगरावर जाऊ? भिजलेल्या कुत्र्यासारखा दिसेन मी!"

जाड्यानं ओठ पुसला आणि मास्तरांकडे पाहिलं. दुसरं गिऱ्हाईक असतं तर त्यानं एव्हाना कॉलर धरून बाहेर काढलं असतं. पण हा पडला मास्तरांचा जावई.

"जाड्या, तू तिकडे पँटी बघ," मास्तर म्हणाले. "जावईबापूंचं मी बघतो."

मास्तर म्हणजे टेपमास्तर. पुरुषांच्या कपड्यांच्या या दुकानात एकतीस वर्षं विक्रीला उभे. टेप कधी हातात धरायचे नाहीत, म्हणून नाव टेपमास्तर. माणूस दारातून आत आला की खांदे, छाती, कंबर, सगळं डोळ्यांनीच मोजून मोकळे. मुलीला हे स्थळ आलं तेव्हा पोरगा उंबऱ्यात उभा राहिला आणि मास्तर बायकोच्या कानात पुटपुटले, "बेचाळीस छाती, सरळ खांदे. कुठं काही उसवायला नको." बायको तेव्हा होती. ती म्हणाली, "अहो, स्वभाव बघा जरा." मास्तर हसले होते. स्थळ पक्कं केलं.

दिवस पानगळीचे होते. सकाळी हुडहुडी, दुपारी घामाच्या धारा, संध्याकाळी बोचरं वारं. काय घालावं ते या महिनाभरात भल्याभल्यांना कळत नाही, आणि म्हणूनच मास्तरांचा खरा मोसम हा.

"ऐका माझं," ते सांगायला लागले. "एकच जाडजूड कोट घ्यायचा नाही. थर घालायचे. आत सुती बनियन. त्यावर तुमच्या अंगात आहे तसा चौकड्याचा शर्ट, बटणं उघडी टाकली की मित्राकडे गप्पा मारायला चालला. वर हे पातळ जॅकेट. वारं अडवतं, घडी केली की पिशवीच्या कोपऱ्यात बसतं. रंग शेवाळी. जंगलात मळला तरी दिसत नाही, गावात घातला तरी माणूस शिकारीला निघाल्यासारखा वाटत नाही. एका कपड्यात दोन्ही कामं."

"आता कसं बोललात, मामा," जावई म्हणाला. "तो जाड्या म्हणजे शेणाचा पो आहे नुसता."

मुलगी मागे पिशव्या धरून उभी होती. सहा महिन्यांनी दिसत होती. आल्या आल्या मास्तरांनी तिचा चेहरा पाहिला होता. गालफडं बसलेली.

"जेवतेस ना गं?"

"हो बाबा." हे तिनं नवऱ्याकडे बघत सांगितलं.

"खायला काय कमी आहे तिला?" जावई म्हणाला. "तोंड तेवढं वाकडं. विचारा, कशाला वाकडं असतं."

मास्तरांनी विचारलं नाही. नवराबायकोत आपण कशाला, असं म्हणत त्यांनी चार वर्षं काढली होती. त्यांनी जॅकेट झटकलं, जावयाच्या अंगावर चढवलं, पाठीवरून हात फिरवला. नजर बरोबर होती. तसूभर इकडेतिकडे नाही.

आता राहिली शेवटची परीक्षा. ही मास्तरांची खास. बाहेर वापरायचा कपडा आरशासमोर सरळ उभं राहून कळत नाही. हात वर करावा लागतो. हात उचलल्यावर जॅकेट पोटावर चढलं, तर बगलेत कापड कमी पडलं. माणसं लाजतात, हात अर्धाच उचलतात. म्हणून मास्तरांचा एक ठरलेला विनोद होता. एकतीस वर्षांत हजारदा केलेला, आणि दर वेळी गिऱ्हाईक हसलेलं.

"हात वर करून बघा, जावईबापू. असा नाही, जोरात! कुणाच्या तरी मुस्काटात हाणायची आहे असं समजा!"

जावयानं हात उगारला. खांद्यामागून, झपकन.

मागे पिशव्या पडल्या. मुलगी खाली बसली होती. गुडघे पोटाशी, दोन्ही हात डोक्यावर, कोपरं कानांवर घट्ट. तिच्याकडे कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. आरशात हललेला हात तेवढा तिला दिसला होता.

जॅकेट पोटावर चढलं नव्हतं. अगदी नेमकं बसलं होतं.

शेजारचं गिऱ्हाईक हसायला लागलं होतं, ते थांबलं. काचेच्या दाराजवळ मशीनवर पँटी आखूड करणाऱ्या रफूवाल्या मावशींचा पाय पायट्यावरच राहिला.

"ऊठ," जावई आरशातूनच म्हणाला. "नाटकं नकोत चारचौघांत."

ती उठली. उठताना मान वळली, आणि कानाच्या मागे मास्तरांना एक काळसर पट्टा दिसला. रुंदी दीड इंच. पट्ट्याचा पट्टा. कमरेचा. असे पट्टे त्यांनी आयुष्यात किती विकले असतील!

"पोरी, तू माझ्याबरोबर घरी चल," ते म्हणाले.

"मामा, जॅकेटचं बोला."

"जॅकेट काढ."

चार वर्षं अहोजाहो केलेल्या तोंडातून आलेला एकेरी शब्द जावयाला चपराकीसारखा लागला. तो वळला. "काय म्हणालास, म्हाताऱ्या?"

"काढ म्हणतो ना!" मास्तरांनी त्याच्या शर्टाची गळपट्टी धरली. वरचं बटण टचकन तुटून उडालं. पुढच्या क्षणी मास्तर आरशावर होते. आधी पाठ, मग डोकं. काच वरपासून खालपर्यंत तडकली आणि त्यांच्या मागोमाग कोसळली. बरगडीत एक लाथ बसली, मग दुसरी. तिसऱ्या लाथेला हाड मोडल्याचं त्यांना आतून ऐकू आलं.

जाड्या धावत आला. जावयानं लाकडी हँगर उचलून त्याच्या मानेखाली असा हाणला की एवढा धिप्पाड गडी मोज्यांच्या टोपलीत बसला आणि उठेना. गिऱ्हाइकं भिंतींना चिकटली. दोघांनी मोबाईल काढले. एक गृहस्थ निवडलेल्या दोन पँटी छातीशी धरून "अहो, सोडा ना, जाऊ द्या ना," एवढंच म्हणत होते.

वरच्या दांडीवरचे कपडे काढायला लोखंडी आकड्याची काठी असते. ती मास्तरांच्या हाताला लागली. गुडघ्यावर उठून त्यांनी ती दोन्ही हातांनी फिरवली. माणसाला मारायची सवय नव्हती, पण उंची बरोबर धरली. आकडा जावयाच्या डाव्या कानावर बसला, कातडी फाटली, रक्त कॉलरमध्ये उतरलं. मास्तरांना बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं. ते आणखी एक हाणणार होते. पण जावयानं काठी हिसकावली आणि तिच्याच बुडख्यानं त्यांच्या तोंडावर मारलं. समोरचे दोन दात जिभेवर आले.

त्यानं काठी पुन्हा उगारली. या वेळी डोक्यावर.

मुलगी मधे आली. बसली नाही, डोकं झाकलं नाही. त्याच्या आणि बापाच्या मधे सरळ उभी राहिली.

"मी येते. चला. मी येते ना."

"पोरी," मास्तर म्हणाले. तोंडातून नुसता फेस आला.

"बाबा, उठू नका," ती मागे न बघता म्हणाली. "उठलात तर तो जीव घेईल. उठू नका."

जावयानं तिचे केस मुठीत धरले आणि तिला दाराबाहेर ओढलं. जॅकेट अंगावरच होतं, बाहीला किमतीची चिठ्ठी लोंबत होती. गाडीचं दार आपटलं. गाडी सुरू झाली, गेली.

मालक माडीवरून खाली आले. आधी आरशाकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. "घरचं भांडण आहे, मास्तर. चव्हाट्यावर कशाला न्यायचं? आधी दवाखान्यात जा, दोन दिवस आराम करा."

"दवाखाना नंतर," रफूवाल्या मावशी म्हणाल्या. त्यांनी मशीनवरची कुणाची तरी पँट मास्तरांच्या तोंडाला लावली आणि त्यांना उभं केलं. "आधी चौकी. चला. माझ्या खांद्यावर भार टाका. टाका म्हणते ना, मी काय काचेची आहे?"

चौकीत हवालदारानं गाडीचा नंबर घेतला, फोन फिरवला, नाक्यावर सांगितलं. मग वही पुढे ओढली.

"माणसाचं वर्णन? अंगावर काय होतं?"

इथे मास्तर सरसावून बसले. फुटक्या तोंडानं, पण अडखळले नाहीत. "जॅकेट शेवाळी, बेचाळीस नंबर, पुढे चेन, डाव्या छातीवर तिरका खिसा. आत चौकड्याचा शर्ट, तपकिरी, वरचं बटण तुटलेलं. पँट खाकी, जाड सुती, कंबर चौतीस, पायाची घडी आत शिवलेली. बूट घोट्याच्या वर, दहा नंबर, डावी टाच बाहेरून झिजलेली. डाव्या कानावर खोक, तीन बोटं लांब."

"बाप रे," हवालदार लिहिता लिहिता म्हणाला. "असे साक्षीदार मिळाले तर आमचं कामच संपेल. बरं, मुलीच्या अंगावर काय होतं?"

मास्तरांनी तोंड उघडलं. डोळे मिटले. तिचा चेहरा दिसला. पडलेल्या पिशव्या दिसल्या. जमिनीवर बसलेला नुसता एक आकार दिसला. त्याला रंग नव्हता, माप नव्हतं.

"आठवा, काका. रंग तरी?"

मास्तरांनी मान हलवली.

"स्वेटर," मावशी म्हणाल्या. "करडा. गळ्यापर्यंत. बाह्या बोटांवर ओढलेल्या."

हवालदारानं वर पाहिलं. "भर दुपारी? एवढ्या उकाड्यात?"

"मागच्या वेळी आली तेव्हाही तोच होता," मावशी म्हणाल्या. "तेव्हा उन्हाळा होता." त्यांनी मास्तरांकडे बघायचं टाळलं. "मला वाटलं, बाप आहे, त्याला दिसतच असेल."

हवालदारानं तेही लिहून घेतलं आणि वही सहीसाठी सरकवली. मास्तरांनी पेन घेतलं, पण सही केली नाही. पान वाचत बसले. जावयाचं सगळं पान भरून होतं. मुलगी अगदी तळाला, एका ओळीत.

"हे पुन्हा लिहा," ते म्हणाले.

"का हो? चुकलं काही?"

"तिचं वर घ्या. आधी तिचं लिहा."

हवालदार काहीतरी बोलणार होता. मग त्यानं त्या तोंडाकडे पाहिलं, पान फाडलं आणि नवीन काढलं.