लपवलेला केक

राजमा म्हटलं की काका नाक मुरडायचे आणि पथ्याचं म्हटलं की पानावरून उठायचे. मग राजम्याचा पथ्याचा केक त्यांच्या गळी उतरवायचा कसा? मावशींनी अख्खी दुपार शिलाई मशीनपाशी डोकं खाजवलं आणि ठरवून टाकलं, द्यायचाच नाही. लपवायचा!

डॉक्टरांनी साखर आणि लोणी कधीच बंद केलं होतं. "आता ऐकलं नाहीत तर रोज सुई टोचून घ्यावी लागेल," असंही बजावलं होतं. पण ऐकतील ते काका कसले? फिरायला म्हणून निघायचे आणि कोपऱ्यावरच्या बेकरीतून मिशीला क्रीम लावून परत यायचे. भांडून भांडून मावशींचा घसा बसला. मनातून तर त्या पार घाबरून गेल्या होत्या.

शेवटी त्यांनी राजमा गाळ शिजवला, चाळणीवर घासून सालं काढली, त्यात चार खजूर, कोको आणि चमचाभर तेल घातलं. ना दूध, ना अंडं, ना साखर. भाजून वड्या पाडल्या, डबा अस्तराच्या कापडांखाली दडपला आणि फोनवर बहिणीला मुद्दाम मोठ्यानं सांगितलं, "चॉकलेटचा आहे गं, यांना पत्ता लागू द्यायचा नाहीये!"

झालं! जन्मभर फुकट्या प्रवाशांना पकडणारे तिकीट तपासनीस काका स्वतःच चोऱ्या करायला लागले. रोज दोन वड्या गायब. काका साळसूदपणे पेपर वाचत बसलेले, दाताला कोको! पोट भरल्यामुळे बेकरीही सुटली. मावशी संपला की डबा गुपचूप पुन्हा भरायच्या, रोज त्याची जागा बदलायच्या, कडाकडा भांडायच्या आणि मग मशीनवर वाकून हसू दाबायच्या.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. साखर चांगलीच उतरली होती. दवाखान्यातून काका छाती फुगवून बाहेर पडले. "बघ! रोज तुझा केक चोरून खाल्ला, काय वाकडं झालं माझं? पथ्यबिथ्य सगळं थोतांड. आजपासून उघड खाणार!" आणि तरातरा निघाले बेकरीकडे.

मावशी मागोमाग धावल्या. "अहो, थांबा! राजम्याचा होता तो केक!"

काका बेकरीच्या पायरीवरच थबकले. "राजमा? आणि मी?"

"तीन महिने. मिटक्या मारत."

बेकरीवाला फिस्सकन हसला. काकांचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे फसवलंस मला."

"हो, फसवलं. मला तुम्ही हवे आहात म्हणून फसवलं. आता खा जा काय खायचं ते!" बोलता बोलता मावशींना रडूच फुटलं.

काका मागे वळले आणि घरी आले. आता लपवायचं तरी काय, म्हणून मावशींनी डबा उघडून सरळ टेबलावर ठेवला. काकांनी हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला.

"अहो, घ्या की!"

"नाही गं जमत," काका काकुळतीला येऊन म्हणाले. "तू जरा शेजारी जाऊन ये ना."