डाव्या खणातल्या गोळ्या

मित्रांनो, खिडकीखाली चादर पांघरून उभी आहे ती मीच, शिलाईची जुनी मशीन. धूळ झटकायला जाऊ नका, असू दे. आज मला माझं कौतुक सांगायचं नाही. तरी सुरुवात माझ्यापासूनच करते, नाहीतर मी या घरात कोण लागते ते तुम्हाला कळायचं नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यातला. मला ओतलं, तासलं, काळाकुळकुळीत रंग दिला आणि अंगावर सोनेरी वेल काढली. काय दिसायचे मी तेव्हा, म्हणून सांगू! टेलरमास्तरांनी मला घरी आणलं तेव्हा त्यांचं लग्नही झालं नव्हतं. खाली पायडल, वर चाक, दोन बाजूंना दोन खण. उजव्यात कात्री, टेप आणि खडू, डाव्यात गुंड्या. वीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून शर्ट, पँट, शाळेचे गणवेश असं काय काय शिवलं. मास्तरांची एक खोड होती. काख, खिशाचे कोपरे, जिथं म्हणून ताण पडतो तिथं ते दोनदा शिलाई मारायचे. गिऱ्हाईक घाई करायचं, "अहो, एकदा मारली तरी चालतंय की!" मास्तर म्हणायचे, "तुमचं चालेल हो, माझं नाव जाईल." आमच्याकडचा शर्ट विरायचा, पण उसवायचा नाही. लोक लांबून कापड घेऊन यायचे आणि मी आपली ऐटीत खडखड करायचे.

मास्तरांना दोन मुली. थोरली ताई नऊ वर्षांची, अबोल आणि शहाणी. धाकटी चार वर्षांची, गोल गरगरीत, म्हणून मास्तर तिला गुंडी म्हणायचे. गुंडीचा मुक्काम माझ्या पायडलवर. मास्तर जेवायला उठले की ती खाली घुसायची आणि "चला, गाडी सुटली!" म्हणून हिंदकळत बसायची. माझा पट्टा निसटायचा, दोरा गुंतायचा. मी मनात म्हणायचे, कार्टी कुठली! पण ती शेजारी खेळायला गेली की मला करमायचं नाही.

मग मास्तरांना खोकला लागला. कापडाचे तंतू घशात जातात, असं म्हणत त्यांनी दीड महिना काढला. शेवटी आईनं, म्हणजे मुलींच्या आईनं, त्यांना ओढत दवाखान्यात नेलं. टीबी निघाला. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. माझ्यावर चादर पडली आणि आई सकाळी आठला इस्त्रीच्या दुकानात कामाला जाऊ लागली.

आठवड्याभरात दवाखान्यातल्या सिस्टर घरी आल्या. माझ्याच स्टुलावर बसल्या. त्यांनी दोघी मुलींना तपासलं होतं, दोघी चांगल्या होत्या. तरी गुंडीसाठी त्यांनी गोळ्या आणल्या होत्या.

"हे आजाराचं औषध नाही, आजार होऊ नये म्हणून आहे," त्या म्हणाल्या. "घरात मोठ्याला टीबी असला की एवढ्याशा लेकराला तो लवकर धरतो, आणि धरला तर अंगभर पसरतो. सहा महिने, रोज एक गोळी."

मदतीला आलेली आत्या कपाळाला हात लावून म्हणाली, "अगं बाई! हसत्याखेळत्या पोरीला टीबीच्या गोळ्या? गल्लीत कळलं तर कुणी हिच्याशी खेळेल का?"

मास्तर तोंडावरचा रुमाल सारखा करत हसले. "सिस्टर, फाटलंच नाही तिथं ठिगळ लावणारा टेलर बघितलाय का कधी?"

सिस्टर काही कच्च्या नव्हत्या. "मास्तर, काखेत दोनदा शिलाई मारता ती उसवल्यावर मारता की आधी?"

आई म्हणाली, "सिस्टर सांगताहेत ना, मग द्यायची." पण आई आठला घराबाहेर. गोळी द्यायचं काम मास्तरांकडे आलं.

तीन दिवस त्यांनी दिली, खोटं नाही बोलणार. पहिल्या दिवशी गुंडीनं थुंकली, मास्तरांनी दुसरी दिली. दुसऱ्या दिवशी ओकली. तिसऱ्या दिवशी रडून रडून "बाबा, तुम्ही वाईट आहात" म्हणाली. स्वतःच्या गोळ्यांनी मास्तरांना दिवसभर मळमळायचं, अन्न नकोसं व्हायचं. आपण भोगतोय ते या चिमुरडीनं कशाला भोगायचं, असं त्यांच्या मनानं घेतलं. चौथ्या दिवशी त्यांनी गोळी पुढे केली, तर गुंडीनं दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकलं आणि वरून डोळे मोठे केले. मास्तरांना हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. त्यांनी चादर उचलली, माझा डावा खण उघडला आणि गोळी गुंड्यांमध्ये टाकून दिली.

सिस्टर रिकाम्या पट्ट्या बघायच्या, म्हणून मास्तर रोज सकाळी नेमानं एक गोळी काढायचे. संध्याकाळी आई चप्पल काढता काढता विचारायची, "दिली का गोळी?" मास्तर म्हणायचे, "झाली." एकदा ताईनं बघितलं. मास्तरांनी ओठांवर बोट ठेवलं, "आईला सांगू नको हं, उगाच तिच्या डोक्याला ताप." ताई गप्प बसली. बापानं सांगितल्यावर नऊ वर्षांची पोर काय करणार? तिला कुणी बोल लावला तर माझ्याशी गाठ आहे. आणि मी? मी ठोकळ्यासारखी उभी होते. गोळ्या माझ्या पोटात होत्या आणि सांगायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

मास्तर बरे होत गेले. चौथ्या महिन्यात त्यांनी चादर काढली, मला तेल घातलं आणि पहिलं काम घेतलं ते गुंडीच्या पिवळ्या फ्रॉकचं. कमरेला टेप लावला आणि थबकले. मागच्या वेळेपेक्षा माप दोन इंच कमी भरलं. "मागचं चुकलं असेल," ते पुटपुटले. वीस वर्षांत मास्तरांचं माप कधी चुकलं नव्हतं, हे मला ठाऊक होतं, त्यांनाही ठाऊक होतं. "उंच होतेय आमची गुंडी, म्हणून बारीक दिसतेय," असं म्हणून त्यांनी नव्या मापानं कापड कापलं. काखेत दोनदा शिलाई मारली.

फ्रॉक तिनं दोनदाच घातला. पायडलवर येईनाशी झाली. संध्याकाळी अंग कोमट, डोकं दुखतंय म्हणायची. मग उलट्या, मग नुसती गुंगी. एका सकाळी हाक मारली तर ओ देईना, मान ताठ झालेली. आईनं तिला उचललं आणि अनवाणी मोठ्या दवाखान्याकडे धावली.

दुसऱ्या दिवशी मास्तर कपडे न्यायला घरी आले, तर पाठोपाठ सिस्टर आल्या. दारातूनच म्हणाल्या, "मास्तर, डॉक्टर बुचकळ्यात पडलेत. गोळ्या रोज चालू असताना टीबी सहसा होत नाही, म्हणून ते दुसरंच काहीतरी शोधताहेत. मला खरं सांगा. रोज दिल्या ना?"

मास्तरांनी माझ्या चाकावर हात ठेवला. मी मनातल्या मनात किंचाळत होते, सांगा हो, आता तरी सांगा!

"दिल्या," मास्तर म्हणाले.

मित्रांनो, मास्तर दुष्ट नव्हते. लाज वाटली, भीती वाटली, बायको काय म्हणेल असं वाटलं. पण त्या एका शब्दात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच आले, डावा खण आख्खा उपसला, काखेत मारला आणि पळत सुटले. वाटेत गुंड्या सांडत गेल्या. डॉक्टरांच्या टेबलावर त्यांनी तो पालथा केला, असं मी नंतर ऐकलं. गुंड्यांतून एकशे सात गोळ्या निघाल्या. एकही दिवस चुकला नव्हता.

डॉक्टरांनी तासाभरात औषध बदललं. पण टीबी मेंदूपर्यंत पोचला होता. त्यानंतर पाचव्या दिवशी गुंडी गेली.

आई घरी आली ती भिंतीला टेकून बसली. ओरडली नाही, भांडली नाही. एवढंच म्हणाली, "रोज विचारत होते मी. रोज." मास्तर खाली मान घालून उभे होते. माझं लोखंडाचं काळीज, पण त्या दिवशी ते फुटलं असतं तर बरं झालं असतं.

पंधरा दिवसांनी सिस्टर पुन्हा आल्या. घरात दोघांना टीबी झाला, म्हणून आता ताईलाही तशाच गोळ्या सुरू करायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी आईनं सुट्टी घेतली होती. मास्तरांनी हात स्वच्छ धुतले, एका हातात पाणी घेतलं, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर गोळी ठेवली. "घे बाळा."

ताई त्या तळव्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आईकडे द्या बाबा. आई देईल."

मास्तरांनी गोळी आईच्या हातावर ठेवली. ताईनं ती गिळली आणि कुणी न सांगता तोंड उघडून आईला दाखवलं. तेव्हापासून रोज असंच चालतं. मास्तर बाजूला उभे राहून बघतात. मला ते तेल घालत नाहीत, कापड हातात घेत नाहीत. माझ्यावरची चादर आता निघेल असं मला वाटत नाही आणि मी तशी आशाही करत नाही.

अशा गोष्टींत जुन्या वस्तू शेवटी स्वतःसाठी काहीतरी मागतात. मला काही नको. मागणं आहे ते तुमच्याकडे. सिस्टर गोळी देऊन गेल्या, तर कडू असली तरी गिळा. आणि भावाबहिणीची गोळी खणात, उशीखाली, मोरीत जाताना दिसली, तर कुणी ओठांवर बोट ठेवलं तरी गप्प बसू नका, मोठ्यानं सांगा. बाबा रागावतील. रागावू देत. रागावलेले बाबा जेवणापर्यंत निवळतात.

आमचे मास्तर आता कुणावरच रागावत नाहीत.