बुंदीचा झारा आणि दिवाणजींची माती

मित्रांनो, आधी नाकावरचा हात काढा. मी एक जुना पितळी झारा आहे. तोही बुंदीचा. पुऱ्या निथळायला घरोघरी लटकलेला असतो तसला पत्र्याचा नव्हे. त्या जातीशी माझा काही संबंध नाही. माझी दांडी हातभर लांब आहे आणि अंगाला दोनशे अकरा छिद्रे आहेत, सगळी एका मापाची. हल्ली मी मांजराच्या मातीत राहतो. तेथे कसा आलो ते सांगतो. कीव मात्र करू नका. कीव करणारे बहुतेक लोक मूर्ख असतात, असा माझा अनुभव आहे.

मला बडोद्यातल्याच एका कंसाऱ्याने, म्हणजे कासाराने, घडवले. घडियाळी पोळ या जुन्या गल्लीतल्या चिमणाबाई दिघे त्याच्यासमोर बसून राहिल्या होत्या. एक छिद्र जरासे मोठे पडले, तर त्यांनी माझी आख्खी चकती परत वितळवायला लावली. पोळातल्या मराठी घरांत लग्न निघाले की लाडवांची बुंदी चिमणाबाईंनीच पाडायची. त्या एका हाताने मला कढईवर धरत, दुसऱ्या हाताने बेसन ओतत, आणि दांडी काठावर आपटली की दाणे तुपात पडून टपाटप वर येत. दोन लग्नांत तर नवरीपेक्षा बुंदीचे कौतुक जास्त झाले. मला त्यात काही वावगे वाटले नाही.

चिमणाबाई गेल्या आणि मी त्यांच्या सुनेकडे, मंदाकडे आलो. मंदाचे यजमान गजेंद्र बाजव्याजवळच्या रिफायनरीत होते. पोळातले घर सोडून ही मंडळी हरणीला सोसायटीत राहायला आली आणि माझे ग्रह फिरले. फ्लॅटमधल्या लोकांना बुंदी खोक्यातून आणायची सवय असते. खोके उघडतात, एक लाडू चौघांत मोडतात आणि साखरेवर भाषण करतात. मला मंदाने जुन्या टॉवेलात गुंडाळून माळ्यावर ठेवले. तेथे मी एकोणीस वर्षे होतो. शेजारी एक फुटका कुकर होता. त्याच्याशी मी एकदाही बोललो नाही.

गजेंद्र निवृत्त झाल्यावर त्यांच्या मुलीने, उत्कर्षाने, घरात एक बोका आणला. ही उत्कर्षा घरी बसून कुठल्याशा कंपनीचे काम करते. पडद्याशी इंग्रजीत बोलते, फोनवर गुजरातीत, आणि आईशी मराठीत भांडते. बोका तिला पार्किंगमध्ये सापडला. पांढरा, नाकाखाली मिशीसारखा काळा ठिपका. गजेंद्रांनी त्याचे नाव दिवाणजी ठेवले. मित्रांनो, या शहराने खरे दिवाण पाहिले आहेत. त्यांतला कोणी सोफ्याला नखे घासत नसावा.

आता दिवाणजींनी आपला कार्यभाग कशात उरकावा, हा प्रश्न आला. माळा वॉश एरियाच्या डोक्यावरच होता, म्हणून मला सगळे ऐकू येई, आणि वासही येई. या कामासाठी ट्रेमध्ये जी वाळू किंवा माती घालतात तिला ही मंडळी 'लिटर' म्हणतात. ते लिटर उत्कर्षा फोनवर निवडायची. पिशवीवर फूल दिसले की तिला पटायचे. हरणी रोडच्या दुकानातला केयूर तिला आणखी पटवायचा.

"बेन, आ लई लो," तो पिशवी घरपोच आणून म्हणायचा. "घरमां बिलाडी छे के बगीचो, खबर ज नहीं पडे." म्हणजे घरात मांजर आहे की बाग, कळायचेच नाही.

पहिले आले ते लॅव्हेंडरच्या वासाचे. दिवाणजींनी ट्रेमध्ये तोंड घातले, सलग पाच वेळा शिंकले आणि कढीपत्त्याच्या कुंडीत जाऊन बसले. मग लाकडाच्या जाड गोळ्या आल्या. त्यांवर ते पाय उचलून उचलून चालायचे आणि शेवटी धुवायच्या कपड्यांवर उरकायचे. तिसरे सोयाबीनच्या चोथ्याचे. ते त्यांनी खाल्ले. ज्याला बसायचे त्याला सोडून ज्यांना वास येतो त्यांच्या नाकासाठी खरेदी चालली होती, आणि बोका बिघडलेला आहे असे सगळ्यांचे मत पडत होते. माळ्यावर पडल्या पडल्या मला यांची लाज वाटायची.

शेवटी गजेंद्र उठले. जन्मभर रिफायनरीत नमुने काढलेला माणूस. स्वयंपाकातले त्यांना ओ की ठो कळत नाही, पण माती कळते. ते कुठूनतरी एक साधी राखाडी पिशवी घेऊन आले.

"ही कच्छची माती," ते म्हणाले. "बारीक आहे, वास नाही. ओल लागली की तेवढ्याच जागी गोळा धरते. गोळा उचलायचा, बाकी माती तशीच."

"पप्पा, पॅकिंग तर बघा! सिमेंट वाटतंय," उत्कर्षा म्हणाली.

दिवाणजींनी मात्र पिशवी वाचली नाही. गजेंद्रांनी चार बोटे जाडीचा थर घातला. दिवाणजींनी उकरले, ते बसले, मागे वळून नीट झाकले आणि निघून गेले. घरात प्रथमच एका प्राण्याने शहाणपणा दाखवला.

पण माझे दुर्दैव पाहा. तिसऱ्याच दिवशी एक गोळा ट्रेच्या तळाला चिकटला आणि तो खरवडताना प्लास्टिकचा चमचा मोडला. गजेंद्रांनी स्टूल लावले, माळ्यावर हात घातला, टॉवेल सोडला आणि माझ्या छिद्रांतून उजेडाकडे पाहिले.

"वा! एकदम मापाचा," ते म्हणाले.

ज्या अंगावरून बेसन ओघळले त्या अंगावर आता काय काय येऊन बसले, ते तुम्ही मुले आहात म्हणून सांगत नाही. माती खाली गळायची आणि गोळे वर राहायचे. गजेंद्र रोज सकाळी ते निरखून मोठ्याने म्हणायचे, "दोन मोठे, एक लहान. ठीक." कोणी विचारलेले नसायचे. या माणसाचा मला फार तिटकारा आला.

दीड महिन्याने मंदाने मला पाहिले. त्या कपडे वाळत घालायला आल्या होत्या. हातातली बादली तशीच खाली ठेवली.

"अहो! हा आईंचा झारा ना?"

गजेंद्रांनी मला पाठीमागे धरले.

"मांजराच्या घाणीत? आईंचा?"

"माळ्यावर पडूनच होता गं."

"माझ्या घरात जागा नव्हती म्हणून पडून होता. नको होता म्हणून नाही!" त्यांचा आवाज फाटला. "परत हात लावून बघा."

त्यांनी मला उकळत्या पाण्यात घातले, चिंच आणि राखेने तीनदा घासले आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीशी खिळ्याला टांगले. माझ्यात मला माझा चेहरा दिसावा इतका मी चकाकत होतो. मला घेऊन कोणी काही तळणार नव्हते, पण मला त्याचे काय? खिडकीतून खाली वॉश एरियातला ट्रे दिसायचा. मी वरून त्याच्याकडे पाहायचो आणि मनात थुंकायचो.

मी खिळ्यावर गेल्यावर केयूरने निळ्यापांढऱ्या काचेसारख्या खड्यांचे लिटर आणून दिले. ते सगळे शोषून घेते आणि वर काही दिसू देत नाही.

"महिना सुधी जोवानुं ज नहीं, बेन," तो म्हणाला.

"ऐकलंत पप्पा? महिनाभर बघायचंच नाही. चमचा नको, झारा नको, मम्मीची कटकट नको," उत्कर्षा म्हणाली. मंदा हसल्या. मीही खूश झालो. गजेंद्रांनी उरलेली अर्धी पिशवी कोपऱ्यात सरकवली.

दिवाणजींना ते खडे टोचत असावेत. ते ट्रेच्या कडेवर तोल सांभाळून उभे राहायचे, बराच वेळ थांबायचे आणि तसेच परत फिरायचे. पंधराएक दिवस असे गेले. मग एका सकाळी ते बाथरूमच्या पायपुसण्यावर बसले. उत्कर्षाने त्यांना हाकलले. ते ट्रेमध्ये गेले, बाहेर आले, परत गेले. मी मोजत होतो. दुसरे काम काय होते मला? नऊ वाजेपर्यंत ते सात वेळा आत गेले होते आणि कोपऱ्यात बसून स्वतःला चाटत मोठमोठ्याने ओरडत होते.

मित्रांनो, मी हसलो. म्हटले, पाहा, दिवाणजींचा दरबार.

उत्कर्षाची दहाची मीटिंग होती. "मम्मी, बस ने आता. हा मुद्दाम करतो. मी केयूरशी बोलते. त्याच्या ओळखीत एका गोडाऊनला बोका हवाय, उंदरांसाठी. चार वाजता येऊन घेऊन जाईल."

"गोडाऊनला?" गजेंद्र म्हणाले. "खायला कोण घालणार?"

"उंदीर आहेत ने तिथे."

"मला तासभर दे. एकदा जुनी माती घालून बघतो."

त्यांनी सगळे खडे काढून टाकले, ट्रे धुऊन पुसला आणि कोपऱ्यातली पिशवी ओतली. माती पडताच दिवाणजी धावत आले. उकरले. बसले. उठले. दुसरीकडे उकरले, बसले. पाठ कमानीसारखी झाली होती आणि शेपूट थरथरत होते. अर्ध्या तासात ते चारदा बसले. चौथ्यांदा उठले तेव्हा बाहेर येऊन ओकले आणि तेथेच आडवे झाले.

"चार वेळा बसला," गजेंद्र म्हणाले. "चार गोळे पाहिजेत."

ते गुडघ्यांवर बसून मातीत बोटे फिरवू लागले. म्हाताऱ्या बोटांना माती कुठली, गोळा कुठला, काही कळेना. "मंदा, काहीतरी दे गं चाळायला. लवकर."

मंदा खिडकीत होत्या. त्यांनी पिठाच्या चाळणीकडे पाहिले, मग माझ्याकडे. मी खिळ्याला घट्ट धरून राहिलो असतो, पण मला हात नाहीत. त्यांनी मला खाली काढले आणि कोणाच्या हातात दिले नाही. स्वतः पदर खोचून वॉश एरियात आल्या, ट्रेशी बसल्या आणि मला मातीत खुपसले.

एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी ट्रे चाळला. दर खेपेला माती माझ्यातून सरसर गळून जायची आणि त्या मला डोळ्यांजवळ नेऊन पाहायच्या. शेवटची खेपही गळून गेली. माझ्यावर काही उरले नाही. चिंचोक्याएवढेसुद्धा नाही.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "याला होतच नाहीये."

उत्कर्षा दारात उभी होती. तिच्या कानातल्या यंत्रात कोणीतरी तिला नावाने हाका मारत होते. तिने ते काढून टाकले.

रिक्षात दिवाणजी भाजीच्या पिशवीत होते, पिशवी उत्कर्षाच्या मांडीवर, आणि मी मंदाच्या हातात. मला खाली ठेवायचे त्या विसरल्या होत्या. जनावरांच्या डॉक्टर चारुलताबेन यांनी बोक्याच्या पोटाला हात लावला आणि लगेच आत नेले. पाऊण तासाने त्या बाहेर आल्या.

"लघवीची वाट बंद झाली होती. नळी घालून मोकळी केलीय. मूत्राशय दगडासारखं झालेलं. तीन दिवस इथंच ठेवावं लागेल." मग म्हणाल्या, "उद्यापर्यंत थांबला असतात तर माझ्याकडे आणायची गरज राहिली नसती."

"लिटरमुळे झालं का?" उत्कर्षाने विचारले. "मी ते खड्यांचं आणलं होतं."

"तेवढ्यानंच झालं असं मी म्हणणार नाही. बोक्यांना हे होतं. पाणी कमी पितात, जागा आवडली नाही तर धरून ठेवतात. पण त्या खड्यांत तुम्हाला कळलं कसं असतं? बारीक, बिनवासाची माती घाला. गोळे रोज बघा. किती, केवढे." त्यांची नजर माझ्यावर आली. "आणि हे काय?"

"बुंदीचा झारा," मंदा म्हणाल्या. "सासूबाईंचा. यानंच चाळलं."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला हातात घेतले, उजेडाला धरले आणि परत दिले.

घरी आल्यावर गजेंद्र म्हणाले, "चिंच भिजत घालू का? घासून परत खिळ्याला लावू."

मंदाने नळाखाली मला धुतले. मग त्या वॉश एरियात गेल्या आणि ट्रेच्या वरच्या नळाच्या तोटीला मला अडकवले. "राहू द्या इथंच," त्या म्हणाल्या.

मला राग आला, हे कबूल करतो. रात्रभर... नाही, खरे सांगायचे तर तीन दिवस मी धुमसत होतो. त्या तीन दिवसांत ट्रे कोरडा होता. चौथ्या सकाळी दिवाणजी आले. पोट दोन्ही बाजूंनी भादरलेले, चाल म्हाताऱ्याची. ते थेट मातीत गेले, बसले, आणि बसून राहिले. तिघेही श्वास रोखून उभे. ते उठले, झाकले आणि कोणाकडे न पाहता निघून गेले.

उत्कर्षाने मला तोटीवरून काढले. हातमोजा नाही, रुमाल नाही. एकच खेप काढली, आणि माती गळून गेल्यावर माझ्यावर लिंबाएवढा एक गोळा राहिला.

"पप्पा! जुओ, जुओ! केवढा मोठा!" ती रडत होती आणि हसत होती. तिघे जण डोकी एकत्र करून मांजराच्या घाणीकडे पाहत उभे होते. असले दृश्य मी आयुष्यात पाहिले नव्हते.

मित्रांनो, लॅव्हेंडरविषयी माझे मत अजून तेच आहे. केयूरविषयीही. पण ज्याचा मी सर्वांत जास्त तिरस्कार करतो तो खिडकीतला, चकचकीत, खिळ्यावरचा झारा आहे. त्याने सात वेळा मोजले होते. घरात सर्वांत आधी त्यालाच दिसले होते, आणि तो हसला होता.

म्हणून सांगतो, मुके जनावर घरात आणलेत तर त्याची माती तुमच्या नाकाला विचारून निवडू नका, त्याच्या पायांना विचारून निवडा. आणि रोज सकाळी खाली वाका. नाक मुरडलेत तरी चालेल, मीही मुरडतो. डोळे तेवढे उघडे ठेवा.